कर्ज काढून मिररलेस कॅमेरा घ्यावा का? चिपळूणच्या एका स्टुडिओचालकास उत्तर

वाचकाचे पत्र

स. न. वि. वि.

चिपळूणच्या बाजारपेठेत आमचा फोटो स्टुडिओ आहे. वडिलांनी सुरू केला, आता मी चालवतो. माझ्याकडे कॅननच्या दोन फाइव्ह डी मार्क थ्री बॉडी, २४-७० आणि ७०-२०० या दोन लेन्स, ८५ ची एक, १०० ची मॅक्रो आणि फ्लॅश-ट्रिगरचा संच आहे. मुलगी म्हणते, हे सगळे विकून नवा मिररलेस सेट घ्या. त्यासाठी चार लाखांचे कर्ज काढावे लागेल. इकडे लग्नाला आलेला प्रत्येक पाहुणा फोनवर फोटो काढतो, मुलामुलींना रील हवे असते, आणि काही जण तर जुन्या छोट्या डिजिटल कॅमेऱ्यासारखे फोटो मागतात. मध्यंतरी एका कुटुंबाने लग्नाच्या ग्रुप फोटोत दिवंगत आजोबांना एआयने बसवून द्या, असे सांगितले. त्यांना काय उत्तर द्यावे ते मला सुचले नाही. वडिलांच्या काळातल्या निगेटिव्हच्या पेट्या माळ्यावर असल्यामुळे २०२१ च्या महापुरातून वाचल्या, त्यांचेही काय करावे कळत नाही. या धंद्यात पुढे काही उरणार आहे का?

एक स्टुडिओचालक, चिपळूण

उत्तर

स. न. वि. वि.

कर्जाच्या प्रश्नाचे उत्तर सरळ आहे. चार लाखांचे कर्ज काढू नका, आणि लेन्स तर मुळीच विकू नका. मिररलेसकडे वळायला हवे हे तुमच्या मुलीचे म्हणणे बरोबर आहे, मात्र ते एका बॉडीपुरते, वापरलेल्या कॅमेऱ्यावर आणि हाताशी असलेल्या पैशांत करता येण्यासारखे आहे. तुमच्या जागी मी असतो तर उरलेला पैसा आणि त्याहून अधिक लक्ष, स्टुडिओत आजवर निघालेले आणि यापुढे निघणारे प्रत्येक छायाचित्र मूळ स्वरूपात जपण्याकडे दिले असते. फोनच्या आणि एआयच्या या काळात तुमच्या गिऱ्हाइकाला इतरत्र सहसा न मिळणारी अशी तीच एक गोष्ट तुमच्यापाशी आहे, आणि तुमच्या पत्रातले बाकीचे प्रश्नही मला तिच्याशीच जोडलेले दिसतात.

आधी मुलीचे म्हणणे कशावर उभे आहे ते पाहू. आरसा नसलेला आणि लेन्स बदलता येणारा डिजिटल कॅमेरा पॅनासॉनिकने २००८ मध्ये आणला, सोनीने २०१३ मध्ये तेच तंत्र फुल फ्रेम, म्हणजे ३५ मिमी फिल्मच्या चौकटीएवढ्या सेन्सरवर नेले, आणि २०१८ मध्ये निकॉन व कॅनन यांनी दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने आपापले नवे माउंट, म्हणजे लेन्स बसवण्याचे कडे, जाहीर केले, तेव्हाच डीएसएलआरचे, म्हणजे तुमच्याकडे आहेत तशा आरशाच्या कॅमेऱ्यांचे दिवस भरत आल्याचे दिसू लागले होते. कॅननचा वन डी एक्स मार्क थ्री आणि निकॉनचा डी सिक्स हे दोन्ही बिनीचे डीएसएलआर २०२० च्या सुरुवातीचे, आणि त्या तोडीचा नवा डीएसएलआर या कंपन्यांनी त्यानंतर काढलेला नाही. जपानी कॅमेरा उत्पादकांच्या संघटनेच्या आकडेवारीतही त्याच वर्षी मिररलेस डीएसएलआरच्या पुढे गेले. तुमचा फाइव्ह डी मार्क थ्री यामुळे निकामी ठरत नाही. २०१२ मध्ये आलेल्या या कॅमेऱ्याची २२ मेगापिक्सेलची फाइल आजच्या अल्बमलाही पुरून उरते. काळजी करायची ती दुरुस्तीची, कारण त्याचे शटर दीड लाख क्लिकच्या हिशेबाने बनवलेले आहे, लग्नाच्या कामात तो आकडा काही हंगामांतच गाठला जातो, आणि पुढे सुटे भाग मिळणे दरवर्षी अवघडच होत जाणार आहे.

मांडवात नेमका काय फरक पडतो ते एका प्रसंगावरून पाहू. शेवटचे मंगलाष्टक संपत येते, तुम्ही अंतरपाटाच्या एका अंगाला कॅमेरा डोळ्याला लावून उभे असता, पाट बाजूला होतो, वाजंत्री सुरू होते, चहूबाजूंनी अक्षता उडतात आणि वधूवर एकमेकांकडे पाहतात. हे सगळे दोन-तीन सेकंदांत उरकते. तुमच्या कॅमेऱ्यात ६१ फोकस बिंदू आहेत, पण ते चौकटीच्या मधल्या भागात दाटलेले असल्यामुळे चेहरा कडेला असेल तर आधी मध्यावर फोकस धरायचा आणि मग चौकट सरकवायची, असे करावे लागते. एवढ्यात ७०-२०० एफ २.८ वर, म्हणजे पूर्ण, उघडी असली तर फोकस डोळ्यावरून निसटून मुंडावळ्यांवर किंवा उडत्या अक्षतांवर जातो. मिररलेसमध्ये फोकस सेन्सरवरच मोजला जातो, कॅमेरा चेहरा आणि डोळा ओळखतो आणि जवळजवळ पूर्ण चौकटीत त्याच्या मागोमाग जातो. डीएसएलआरमध्ये लेन्स आणि बॉडीच्या जोडीनुसार फोकस किंचित पुढे-मागे पडतो आणि त्यासाठी मेनूत जाऊन बारीक जुळणी करावी लागते, तीही भानगड इथे उरत नाही. अंधारातला फरक तर आणखी मोठा आहे. उजेड ईव्ही या एककात मोजतात आणि आकडा जितका खाली तितका अंधार अधिक. मार्क थ्री उणे २ ईव्हीपर्यंत फोकस धरतो, तर २०२० मध्ये आलेला कॅननचा आर सिक्स, कंपनीच्या सांगण्यानुसार आणि एफ १.२ लेन्स लावली असता, उणे ६.५ ईव्हीपर्यंत. तुमच्या एफ २.८ लेन्सवर तो इतका खाली जाणार नाही, तरीही रात्री अंगणात दोन दिव्यांच्या उजेडात चाललेल्या हळदीत तुम्हाला तो फरक पहिल्याच दिवशी जाणवेल.

मेगापिक्सेलसाठी मात्र कॅमेरा बदलू नका. आर सिक्सचे चित्र ५४७२ गुणिले ३६४८ पिक्सेलचे असते, म्हणजे तुमच्या आताच्या कॅमेऱ्यापेक्षा थोडे लहानच. करिझ्मा अल्बमचे १२ बाय १८ इंचांचे पान इंचाला ३०० ठिपके या हिशेबाने छापायला ५४०० गुणिले ३६०० पिक्सेल लागतात, तेव्हा वीस मेगापिक्सेलमध्ये हे पान नेमके बसते. दुकानदार ४५ मेगापिक्सेलची बॉडी दाखवेल तेव्हा हा हिशेब लक्षात ठेवा, कारण त्या जादा पिक्सेलचा भार तुमच्या हार्ड डिस्कवर आणि संगणकावरच पडणार आहे.

मिररलेसच्या काही खोडी आपल्याकडच्या हॉलमध्ये हमखास त्रास देतात, त्या आधीच माहीत असलेल्या बऱ्या. आवाज न करणारे इलेक्ट्रॉनिक शटर धार्मिक विधींच्या वेळी मोहात पाडते, पण त्यात बहुतेक कॅमेऱ्यांचा सेन्सर एकदम वाचला जात नाही, एका कडेपासून दुसरीकडे ओळीओळीने वाचला जातो. आपली वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे तिच्यावर चालणारे अनेक दिवे सेकंदाला १०० वेळा उजळतात आणि मंदावतात, स्टेजवरचे 'पार' हे रंगीत एलईडी दिवे आणि मागची एलईडी भिंत तर आपापल्या वेगळ्याच गतीने लुकलुकतात, आणि मग नवरीच्या शालूवर आडवे पट्टे उमटतात, जे नंतर कोणत्याही सॉफ्टवेअरने नीट जात नाहीत. सोनीने २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये जाहीर केलेल्या ए नाइन थ्रीमध्ये संपूर्ण सेन्सर एकाच क्षणी वाचला जातो, त्यामुळे ओळीओळीच्या वाचनातून येणारे हे पट्टे तिथे पडत नाहीत. तो कॅमेरा तुमच्या-माझ्या आवाक्यातला नाही, पण हे तंत्र येत्या काळात खाली उतरत येईल, आणि आजच सर्वांत महागडी बॉडी घेऊन अडकू नये याचे तेही एक कारण आहे. तोवर हॉलमध्ये यांत्रिक शटर वापरा, कॅमेऱ्यातील अँटी-फ्लिकर चालू ठेवा आणि वेग सेकंदाच्या १०० व्या भागाच्या आसपास ठेवून पाहा.

दुसरी गोष्ट फ्लॅशची. आर सिक्समध्ये इलेक्ट्रॉनिक शटरवर फ्लॅश पेटतच नाही. शिवाय इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडर येणारा फोटो जसा उजळ किंवा काळा असेल तसाच दाखवतो, त्यामुळे स्टुडिओत एफ ८ ला आणि १६० च्या वेगाला लावले की समोर काळोख दिसतो आणि माणसाला वाटते की नवा कॅमेराच बिघडला. मेनूत एक्स्पोजर सिम्युलेशन बंद केले की समोरचे पूर्ववत दिसू लागते. बॅटरीही लवकर उतरते, कारण व्ह्यूफाइंडरचा पडदा सतत चालू असतो. तुमच्या जुन्या एलपी-ई सिक्स बॅटऱ्या आर सिक्समध्ये चालतील, फक्त त्यांच्यावर लागोपाठ फोटोंचा कमाल वेग मिळणार नाही. तुमची सीएफ कार्डे मात्र त्यात चालणार नाहीत, कारण दोन्ही कप्पे एसडीचे आहेत.

लेन्स विकू नका असे मी म्हणालो त्याचे कारण यांत्रिक आणि सोपे आहे. तुमच्या ईएफ लेन्स बसण्याच्या कड्यापासून सेन्सरपर्यंतचे अंतर ४४ मिलिमीटर असते, नव्या आरएफ माउंटमध्ये ते २० आहे, आणि मधले २४ मिलिमीटर भरून काढणारी, आत काच नसलेली एक नळी म्हणजे कॅननचे अडॅप्टर. काच नसल्यामुळे चित्राची प्रत कमी होत नाही, आणि ऑटोफोकस पूर्ण चालतो. निकॉन वापरणाऱ्या तुमच्या एखाद्या स्नेह्याला मात्र हा सल्ला जसाच्या तसा देऊ नका, कारण निकॉनच्या एफटीझेड अडॅप्टरमध्ये मोटर नाही आणि बॉडीतील मोटरवर चालणाऱ्या जुन्या डी मालिकेच्या लेन्सना त्यावर हातानेच फोकस करावा लागतो.

म्हणून माझे सुचवणे असे आहे. दोनपैकी ज्या बॉडीचे क्लिक अधिक झाले आहेत ती विका, दुसरी जोडीला ठेवा, आणि वापरलेला आर सिक्स किंवा जमल्यास आर सिक्स मार्क टू अडॅप्टरसह घ्या. विधींचे सलग व्हिडिओ तुम्हीच घेत असाल तर मार्क टूसाठी थोडे थांबणे योग्य ठरेल, कारण आर सिक्समध्ये एका वेळी २९ मिनिटे ५९ सेकंदांहून अधिक रेकॉर्डिंग होत नाही आणि फोर-के मध्ये तो तापतो. मार्क टूवर ती अर्ध्या तासाची मर्यादा नाही. आर एट स्वस्त दिसेल, पण त्यात कार्डाचा एकच कप्पा आहे. लग्न दुसऱ्यांदा लागत नसते, त्यामुळे दोन कार्डांवर एकाच वेळी नोंद न करणारा कॅमेरा मुख्य बॉडी म्हणून घेऊ नये, हे माझे ठाम मत आहे.

खरेदीआधी मुंबईहून किंवा पुण्याहून एका लग्नापुरता तोच कॅमेरा भाड्याने आणा आणि तुमच्याच लेन्स, तुमचेच फ्लॅश आणि गावातलाच हॉल घेऊन त्याची परीक्षा करा. मुंबईत फोर्टमधल्या बोरा बाजारात गेलात तर नवे-जुने सारे एका गल्लीत पाहायला मिळते, पण घाईने उचलू नका. बॉडीवरचा क्रमांक आणि बिलावरचा क्रमांक जुळतो का, शटरचे किती क्लिक झाले आहेत, एफ १६ ला कोऱ्या भिंतीचा फोटो काढल्यावर सेन्सरवर डाग दिसतात का, पडद्याची बिजागरी सैल आहे का, हे पाहा. जोडीला एखादी लेन्स घेत असाल तर मागून टॉर्चचा झोत टाकून कडेने जाळ्यासारखी बुरशी दिसते का ते तपासा. कोकणातून आलेल्या लेन्सला ती असण्याची शक्यता अधिक, हे तुम्हाला मी सांगायला नको. तुमच्या स्वतःच्या लेन्सही पावसाळ्यात चामड्याच्या पिशवीत ठेवू नका. हवाबंद डब्यात सिलिका जेल आणि एक छोटे आर्द्रतामापक ठेवून आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राखा, आणि काम नसले तरी अधूनमधून लेन्स बाहेर काढून वापरा.

कर्जाचा हिशेबही मांडून पाहू. चार लाख रुपये १४ टक्के दराने तीन वर्षांसाठी घेतले तर महिन्याचा हप्ता सुमारे १३,७०० रुपये येतो आणि व्याजापोटी एकूण ९२,००० च्या आसपास जातात. चातुर्मासात मुहूर्त नसतात, आषाढापासून तुळशीच्या लग्नापर्यंत तुमची कमाई मुख्यतः पासपोर्ट फोटो, गणपती आणि किरकोळ कामांवर चालते, आणि हप्ता मात्र दर महिन्याच्या ठरल्या तारखेला येतो. हे ९२,००० रुपये वाचले तर त्यातून पुढे ज्या साठवणुकीविषयी लिहिणार आहे तिची पूर्ण व्यवस्था होऊन वर काही उरेल.

आता फोनविषयी. लोक फोनवर फोटो काढतात म्हणून छायाचित्रकाराचे काम संपले, हे म्हणणे अर्धेच खरे आहे. जगभरात विकायला पाठवलेल्या डिजिटल कॅमेऱ्यांची संख्या २०१० मध्ये १२ कोटींच्या वर होती, ती २०२३ मध्ये ८० लाखांच्याही खाली आली, यात शंका नाही. पण गेले ते मुख्यतः सहलीला खिशात नेण्याचे छोटे कॅमेरे, आणि गंमत अशी की तरुण मुले आज त्यांच्याचकडे वळत आहेत. फोन एका क्लिकमध्ये अनेक फ्रेम घेऊन त्या जोडतो, सावल्या उजळतो, त्वचा गुळगुळीत करतो आणि सगळ्यांचे सगळे फोटो एकाच वळणाचे दिसू लागतात. २०२३ मध्ये सॅमसंगच्या फोनने मुद्दाम धूसर केलेल्या चंद्राच्या चित्रावरही खड्डे रेखाटून दाखवले, तेव्हा फोन पाहतो किती आणि स्वतःच्या मनाने भरतो किती, हा प्रश्न पुष्कळांना पडला. जुन्या सीसीडी सेन्सरच्या कॅमेऱ्याचा थेट फ्लॅश, काळी पार्श्वभूमी आणि थोडे चकाकणारे चेहरे आजच्या वीस-बावीस वर्षांच्या मुलीला खरे वाटतात, कारण तिच्या दृष्टीने त्यांत कोणी मागाहून हात घातलेला नसतो. फुजीफिल्मच्या एक्स १०० मालिकेतल्या कॅमेऱ्यांचा पुरवठा मागणीला पुरा न पडणे आणि पेंटॅक्सने २०२४ मध्ये नवा फिल्म कॅमेरा काढणे, या घटनाही मला त्याच ओढीतून आलेल्या वाटतात.

तेव्हा असे फोटो मागणाऱ्यांना नाही म्हणू नका. तुमच्या किंवा एखाद्या नातेवाइकाच्या कपाटात पडलेला जुना छोटा कॅमेरा चालू होत असेल तर तो मुलीच्या हाती द्या आणि हळदीचे व संगीताचे काही फोटो तिला त्यावर काढू द्या. रीलही तिच्याकडेच सोपवा, फोनवर, आणि त्याचा दर वेगळा सांगा. मुख्य विधींच्या वेळी तुमचे लक्ष त्यात वाटले जाता कामा नये.

दिवंगत आजोबांच्या फोटोचा प्रश्न यांपैकी सर्वांत नाजूक आहे. अशी मागणी नवी नाही. एआय येण्याच्या कितीतरी आधीपासून आपल्याकडचे स्टुडिओ दोन वेगळ्या फोटोंतले नवरा-बायको एका चौकटीत आणत आले आहेत, कृष्णधवल छायाचित्रावर हाताने रंग भरत आले आहेत आणि रंगवलेल्या पडद्यासमोर माणसे उभी करत आले आहेत. तुमच्या वडिलांनीही अशी कामे केली असण्याचा संभव आहे. त्या जोडकामाकडे पाहताच ते जोडकाम असल्याचे कळत असे, आणि भिंतीवर हार घालून लावलेली ती तसबीर पाहून आजोबा त्या दिवशी तिथे हजर होते, असे कोणाला वाटत नसे. आजचे चित्र इतके बेमालूम असते की वीस वर्षांनी त्या नवरा-नवरीच्या मुलांना आजोबा लग्नाला होते असेच वाटेल. २०२३ मध्ये बोरिस एल्डागसेन या जर्मन कलावंताने सोनी जागतिक छायाचित्रण पुरस्कारांत निवडले गेलेले आपले चित्र एआयने बनवलेले असल्याचे सांगून बक्षीस नाकारले, आणि त्याच वर्षी वर्ल्ड प्रेस फोटो या वृत्तछायाचित्रांच्या स्पर्धेच्या संस्थेने एआयची चित्रे आपल्या स्पर्धेतून पूर्णपणे बाहेर ठेवली. जाणकारांच्या स्पर्धेतही जिथे असे चित्र निवडले गेले, तिथे घरच्या माणसांना मागाहून काय ओळखू येणार?

त्या कुटुंबाचे दुःख खरे आहे, म्हणून त्यांना परतवून लावू नका. त्यांना सांगा की आजोबांचे चित्र आम्ही वेगळ्या चौकटीत, वेगळ्या कागदावर करून देऊ, त्याच्या खाली किंवा मागे 'जोडचित्र' असे आणि तारीख लिहू, आणि लग्नाच्या अल्बममधला ग्रुप फोटो मात्र जसा निघाला तसाच राहील. घरात आजी असतील तर त्यांना आधी विचारा, कारण असे चित्र पाहून समाधान सगळ्यांनाच होते असे नाही. कोणाचाही चेहरा फुकटच्या एखाद्या ॲपवर चढवण्यापूर्वी लेखी संमती घ्या. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा झाला आहे आणि गिऱ्हाइकांचे फोटो कुठे जातात याचे उत्तर पुढे तुम्हालाच द्यावे लागेल. गुगलच्या जेमिनी या एआयवर बनवलेले साडीतले फोटो छापून मागणाऱ्यांना खुशाल छापून द्या, ते काम छपाईचे आहे. नवरीचा रंग उजळ करून मागणाऱ्यांना मात्र स्पष्ट नकार द्यावा असे मला वाटते. हळदीच्या उजेडात पिवळा पडलेला चेहरा पूर्ववत करणे ही दुरुस्ती झाली, पण तिचा स्वतःचा सावळा रंग पुसणे हा तिचा अपमान आहे, आणि तो अल्बमात कायमचा छापला जातो.

कॅमेऱ्यातच छायाचित्राच्या मूळपणाची सही करणारे तंत्रही आले आहे. अडोबी, बीबीसी, मायक्रोसॉफ्ट आदींनी २०२१ मध्ये त्यासाठी एक समान पद्धत ठरवायला घेतली आणि लायकाने २०२३ मध्ये ती सही करणारा एम ११-पी बाजारात आणला. त्यासाठी आज पैसे घालण्याची गरज नाही. तुमच्याकडे अधिक साधा पुरावा आहे, तो म्हणजे रॉ फाइल, सेन्सरने टिपलेली, प्रक्रिया न झालेली मूळ नोंद. वर्ल्ड प्रेस फोटोसारखी स्पर्धाही शंका दूर करायला मूळ फाइलच मागते. शिवाय २०२३ मध्ये लाइटरूम या सॉफ्टवेअरमध्ये आलेले, फोटोतले दाणे काढणारे एआय डिनॉइज तुमच्या मार्क थ्रीच्या दहा वर्षांपूर्वीच्या रॉ फाइलवरही चालते, आणि तेव्हा दाणेदार निघालेले ६४०० आयएसओचे फोटो आज स्वच्छ करता येतात. ज्यांनी जागा वाचवायला फक्त जेपेग ठेवले त्यांना ही सोय नाही.

म्हणून वाचलेल्या पैशातून पहिली खरेदी हार्ड डिस्कची करा. प्रत्येक कामाच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साठवणीवर, आणि त्यांतली एक चिपळूणबाहेर, अशी रीत ठेवा. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचे पाणी बाजारपेठेत शिरले तेव्हा एकाच दुकानात ठेवलेल्या दोन प्रती म्हणजे एकच प्रत, हे तुम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. पुण्या-मुंबईला राहणाऱ्या नातलगाकडे एक डिस्क ठेवून दर हंगामाच्या शेवटी ती बदलली तरी पुरे. गिऱ्हाइकाशी करायच्या करारपत्रात मूळ फाइल किती वर्षे जपणार ते लिहा आणि त्यासाठी थोडे शुल्क लावा. घरातल्या एखाद्या माणसाच्या निधनानंतर त्याचा चांगला फोटो शोधायला नातेवाईक आधी तुमच्याचकडे येतात, फोन तोवर बदललेले किंवा हरवलेले असतात. धंद्यात पुढे काय उरणार, या तुमच्या प्रश्नाला माझे हेच उत्तर आहे.

वडिलांच्या निगेटिव्ह हा त्याच कामाचा सर्वांत जुना भाग, आणि त्या तुम्ही भंगारात दिल्या नाहीत याबद्दल मला मनापासून कृतज्ञता वाटते. अनेक ठिकाणी अशा पेट्या फिल्मवरच्या चांदीसाठी विकल्या गेल्या. मध्य प्रदेशातल्या नागदा या शहरातल्या सुहाग स्टुडिओतली साध्या गिऱ्हाइकांची छायाचित्रे आज बंगळुरूच्या म्युझियम ऑफ आर्ट अँड फोटोग्राफीने मोलाची मानून प्रदर्शित केली आहेत, आणि तुमच्या पेट्यांतही तसाच ऐवज असेल.

त्या वाचवणारा माळा पुरासाठी ठीक होता, पण कौलांखालची उन्हाळ्यातली उष्णता आणि पावसाळ्यातला दमटपणा फिल्मला मारतो, तेव्हा पेट्या वरच्या मजल्यावरच्या हवेशीर खोलीत, भिंतीपासून थोड्या दूर, जमिनीपासून उंच ठेवा. पहिल्यांदा प्रत्येक पेटी उघडून वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर त्या फिल्मचा पाया सडू लागला आहे. ती लगेच वेगळी काढा, कारण शेजारच्या फिल्मनाही ते लागते, आणि नक्कल करायला घ्यायची ती आधी तीच. एकमेकींना चिकटलेल्या निगेटिव्ह ओढून सोडवू नका, जाणत्या माणसाला दाखवा. बाकीच्या सुती हातमोजे घालून कडेने धरा, मऊ ब्रशने धूळ झटका आणि आम्लरहित कागदाच्या पाकिटांत घाला.

नक्कल करायला स्कॅनर घेण्याची गरज नाही. तुमची १०० ची मॅक्रो, एक स्टँड आणि रंग नीट दाखवणारा सपाट एलईडी पॅनेल एवढ्यावर हे काम होते. निगेटिव्हची फिकट, चकाकी नसलेली बाजू कॅमेऱ्याकडे ठेवा, बाजूचा मोकळा उजेड काळ्या पुठ्ठ्याने झाका, खोलीतले दिवे बंद करा, एफ ८ ला रॉमध्ये फोटो घ्या आणि संगणकावर निगेटिव्हचे पॉझिटिव्ह करून डावे-उजवेही बदलून घ्या. पाकिटावर जे लिहिले असेल, नाव, गाव, वाडी, साल, ते फाइलच्या नावात जसेच्या तसे उतरवा. जिथे काही लिहिलेले नाही तिथे वडिलांच्या वेळच्या मदतनिसांना किंवा शेजारच्या दुकानातल्या वयस्कर माणसांना बोलावून विचारा, आणि हे लवकर करा, कारण फिल्म काही वर्षे वाट पाहील, ओळखणारी माणसे पाहतीलच असे नाही. त्यांतले काही इन्स्टाग्रामवर टाकावे असे मुलीच्या मनात आले तर आधी त्या घरच्यांची परवानगी घ्या. ज्यांचा पत्ता लागेल त्यांना एक छापील प्रत स्वतः नेऊन द्या आणि मोठी प्रत हवी असल्यास तिचा दर सांगा.

हे काम मुहूर्त नसलेल्या महिन्यांत करण्याजोगे आहे. पेट्यांचा वास घेऊन त्या वेगळ्या करणे मात्र मे संपण्यापूर्वी उरका.